सातव्या आसनाची अक्षत

एका राज्यात, जिथे प्रत्येक डोंगराला नाव होते पण राज्याला नव्हते, न्यायाची सात आसने होती. सातही काळ्या पाषाणाची, एका जुन्या वडाखाली अर्धवर्तुळात मांडलेली. राजाचा शब्द मोठा खरा, पण आसनांचा शब्द त्याहून मोठा. कुठल्याही गडावरच्या न्यायाधीशाचा निकाल कुणाला पटला नाही, तर त्याने वडाखाली यावे, सात जणांनी ऐकावे, आणि सातांतले चार म्हणतील तो शेवट मानावा.

त्यातले सातवे आसन शापित होते.

फार पूर्वी एका राजाने त्यावर आपल्या मेहुण्याला बसवले. मेहुण्याने एका जोगिणीचे शेत बळकावलेले होते. जोगीण दाद मागायला वडाखाली आली, तरी तो आसनावरून उठला नाही. आपल्याच भांडणाचा निकाल त्याने आपणच दिला, आणि आपल्याच बाजूने दिला. जोगिणीने शेतातली मूठभर माती आसनावर टाकली आणि म्हणाली, “आता बसूनच राहा. यावर जो बसेल, तो बसल्या जागी दगड होईल. ज्या चुकीने हा शाप लागला, ती चूक याच आसनावर कुणी टाळील, त्या दिवशी शाप सुटेल.”

राज्यातल्या शहाण्यांनी विचार केला. त्यांना वाटले, राजाने आपल्या सोयऱ्याला बसवले, हीच ती चूक. म्हणून त्यांनी नवी रीत घातली. आसन रिकामे झाले की वडावरच्या सातभाई पाखरांनी तीन नावे काढायची. कारण सातभाईंना सगळ्यांचे सगळे ठाऊक असते आणि त्यांना गप्प करणे कुणालाच जमत नाही. ज्याचे गाऱ्हाणे रिकाम्या आसनापायी अडले असेल, त्याने किंवा त्याच्या घरच्याने त्या तिघांना अक्षत नेऊन द्यायची. मात्र आपल्या गाऱ्हाण्याविषयी एक शब्द काढायचा नाही. काढला, तर अक्षत काळी पडणार आणि ते नाव बाद होणार. तिन्ही अक्षता पोचल्या, की तिघांतून राजाने एकाला निवडायचे. पण एखादी वाटेत हरवली किंवा काळी पडली, तर त्या जागी राजाने स्वतःच्या मनातले नाव घालायचे.

रीत चांगली होती. तिच्यामुळे माणसेही चांगली आली. शाप मात्र सुटला नाही. ती चांगली माणसे सातव्या आसनावर बसत, तिथेच जेवत, तिथेच झोपत, न्याय देत देत हळूहळू दगड होत. वडामागे त्यांच्या बसलेल्या मूर्तींची रांग लागली होती.

अशात एके सकाळी सातव्या आसनावरचे वृद्ध देवव्रत बोलता बोलता थांबले. त्यांचे वाक्य अर्धे राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांवर पाषाणाची कळा आली. समोर एक पहारेकरी दाद मागत उभा होता. त्याचे नाव नंदन.

त्याच दिवशी नंदनची थोरली बहीण शाल्मली दूरदेशीच्या गुरुकुलातून परत आली. तिथे तिने न्यायशास्त्राचे सगळे ग्रंथ पाठ केले होते. आपल्या राज्यात आता अन्याय म्हणून उरू द्यायचा नाही, असे वाटेतल्या प्रत्येक देवळापाशी थांबून ती मनाशी घोकत आली होती. वेशीतून ती आत शिरली, आणि आपला भाऊ गुडघ्यांपर्यंत दगड झालेला तिने पाहिला.

राजा सुकेतूचा नागमणी खजिन्यातून नाहीसा झाला होता. खजिन्यात एक साक्षी आरसा होता. समोर जे घडेल ते तो साठवून ठेवी. आरशाने चोर दाखवला, त्याचा चेहरा नंदनचा होता. केसरगडच्या न्यायाधीश कालिंदीदेवींनी आरसा पाहिला आणि पाषाणदंड सुनावला. त्या दंडाची तऱ्हा अशी, की सातव्या आसनाची एक कपरी, म्हणजे छोटासा तुकडा, अपराध्याच्या पायाशी ठेवत, आणि दगड पायापासून वर चढू लागे. दाद मागायची मुदत ओठांपर्यंत. ओठ दगडाचे झाले, की संपले.

उरलेल्या सहांनी नंदनचे म्हणणे ऐकले होते. तिघे म्हणाले दोषी, तिघे म्हणाले निर्दोष. सातवा आल्याशिवाय काटा हलणार नव्हता.

“तुला उचलून नेते,” शाल्मली म्हणाली. “कपरी दूर फेकते. गुरुकुलात एक वैद्य आहेत.”

“ताई, पळवून नेऊ नकोस.” नंदनने तिचा हात घट्ट धरला. “सुटका नको मला, निकाल हवा. मी चोर नाही, हे कुणीतरी मोठ्याने म्हटले पाहिजे. नाहीतर मोकळा फिरून काय करू? पोरे मागून ‘मणीचोर’ म्हणतील.”

तेवढ्यात वडावर गलका उसळला.

“पद्मनाभ!” “नाव काढलेस, आता अक्षत कोण टाकणार, तुझा सासरा?” “मीच टाकतो, सरक तिकडे!” “हळू! सांडशील!”

पळसाच्या पानाची एक पुडी शाल्मलीच्या पुढ्यात पडली. आत कुंकवात भिजवलेले तांदूळ होते.

“पद्मनाभांना दे,” सातांतला सर्वांत मोठा भाऊ म्हणाला. “कमळांच्या बेटावर असतात. आणि पोरी, तोंड मिटून जा.”

शाल्मली निघाली.

कमळांचे बेट पाण्यावर तरंगत असे आणि वारा नेईल तिकडे जाई. पद्मनाभ काठाशी पाय सोडून बसले होते आणि दोन माशांचे भांडण ऐकत होते. लहान माशाची बाजू ऐकताना त्यांना रडू आले. मोठ्या माशाची बाजू ऐकतानाही आले. मग डोळे पुसून त्यांनी निकाल दिला, आणि दोन्ही मासे समाधानाने बुडी मारून गेले.

“ये मुली,” ते म्हणाले. “डोळे किती सुजलेत तुझे! काय झाले? मला सांग.”

शाल्मलीला सगळे सांगून टाकावेसे वाटले. या माणसाला भावाचे हाल सांगितले, तर हा इथेच त्याच्या बाजूचा होईल, हे तिला स्पष्ट दिसत होते. तिचे ओठ विलग झाले मात्र, पुडीतला एक दाणा करडा पडला. तिने ओठ दाबून धरले.

“सातवे आसन रिकामे आहे,” ती म्हणाली. “अक्षत आणली आहे.”

पद्मनाभांनी पुडीकडे पाहिले, करड्या दाण्याकडे पाहिले, आणि दुसरे काही विचारले नाही. “येईन,” ते म्हणाले. “घाबरत येईन, पण येईन.”

ती परतली तेव्हा दगड नंदनच्या कमरेपर्यंत पोचला होता.

वडावरून दुसरी पुडी पडली. “यशोधराबाई! सावल्यांच्या वाळवंटात!” “पाणी ने बरोबर!” “तिला कळत नाही का? शिकलेली आहे ती!” “शिकलेलीच पाणी विसरतात!”

शाल्मली खरोखरच पाणी विसरली होती. तिने वेशीवर चंबू भरून घेतला आणि ती पुन्हा निघाली.

सावल्यांच्या वाळवंटात सूर्य कधी मावळत नाही. तिथे पाऊल ठेवले, की माणसाची सावली उठून उभी राहते आणि शेजारून चालू लागते. शाल्मलीची सावली तिच्यापेक्षा जास्त थकलेली होती. पाय ओढत चालली होती. वाळवंटाच्या मध्यभागी उंच, सडपातळ यशोधराबाई उभ्या होत्या. त्यांच्यापुढे सावल्यांची रांग होती, आणि प्रत्येक सावली आपल्या धन्याचे गाऱ्हाणे सांगत होती.

“बस. पाणी पी,” यशोधराबाई म्हणाल्या. “तू काही सांगू नकोस. तुझी सावलीही सांगणार नाही, मी तिला दटावले आहे.”

शाल्मलीने अक्षत पुढे केली. यशोधराबाईंनी ती कपाळाला लावली.

“बाई, सावल्यांचे खरे कसे मानता?” तिला राहवले नाही. प्रश्न गाऱ्हाण्याचा नव्हता. अक्षत लालच राहिली.

“मंत्राने चेहरा बदलता येतो, आवाज बदलता येतो,” यशोधराबाई म्हणाल्या. “सावली बदलण्याचा मंत्र अजून कुणाला सापडलेला नाही. मी येते. तू पुढे हो, तुझी सावली फार घाईत आहे.”

या वेळी दगड छातीपर्यंत चढला होता. नंदन तुटक तुटक श्वास घेत होता. “दोन झाली?” त्याने विचारले. तिने मान डोलावली. “मग आता एकच,” तो म्हणाला आणि हसायचा प्रयत्न केला. ते हसू तिला पाहवेना.

वडावर मात्र शांतता होती. सातभाई पाखरे कधीही गप्प नसतात. आज ती एकमेकांकडे पाहत होती.

“सांगा,” शाल्मली म्हणाली. “तिसरे नाव सांगा.”

“तू सांग तिला.” “मी का? तू थोरला ना!” “अरे, कुणीतरी सांगा.”

थोरल्या भावाने पुडी टाकली. “केसरगडच्या कालिंदीदेवी.”

शाल्मलीला वाटले आपण चुकीचे ऐकले. “त्यांनीच तर नंदनला दंड दिला!”

“ठाऊक आहे.”

“दुसरे कुणीच नाही का राज्यात?”

“आहेत की. तुला आवडतील असे पुष्कळ आहेत,” थोरला म्हणाला. “तिच्याइतके चोख नाहीत. आम्ही आसनाला माणूस शोधतो, पोरी, तुझ्या भावाला नाही.”

तिने पुडी उचलली. गुरुकुलात तिने शंभरदा म्हटलेले वाक्य होते ते: न्यायाधीश आपल्या सोयीचा नसावा. म्हणताना किती सोपे वाटायचे!

केसरगडाच्या वाटेवर एक नदी होती. ती ओलांडायच्या उताराशी, तिसऱ्या प्रहरी, राजाचा मांत्रिक धूम्रकेश उभा होता. त्याच्या जटा धुरासारख्या निळ्या होत्या आणि तीन सुळक्यांत वर बांधलेल्या होत्या. त्याची सावली वाळूवर कावळ्याच्या पायासारखी उमटली होती. त्याच्या मागे एक तरुण हात जोडून उभा होता. त्याच्या डोळ्यांची पापणी लवत नव्हती.

“थांब, शाल्मली,” धूम्रकेश म्हणाला. “जिने भावाला दगड केले तिला निमंत्रण देणार? पाणी खोल आहे. हात निसटतो माणसाचा. पुडी वाहून गेली, तर तुला कोण दोष देईल?”

शाल्मलीने पुडी छातीशी धरली आणि पाण्याकडे पाहिले.

“तिसरे नाव मग राजा घालेल, आणि राजा मी सांगेन तेच घालेल. हा माझा शिष्य. मीच मातीचा घडवला. दगड होण्याची भीती मातीच्या माणसाला कुठली? मी तोंडात घालीन तो शब्द हा बोलतो. उद्या सकाळी म्हणेल, नंदन निर्दोष.”

मातीच्या माणसाने तोंड उघडले. “नंदन निर्दोष,” तो म्हणाला. आवाज रिकाम्या रांजणातून आल्यासारखा होता.

शाल्मली नदीत उतरली. पाणी कमरेला लागले, तेव्हा तिने पुडी पाण्यावर धरली. मूठ थोडी सैल करायची, इतकेच. नंदन उद्या चालू लागला असता. तिचे बोट हलले. मग तिला ते दोन शब्द पुन्हा ऐकू आले, त्याच पोकळ आवाजात. नंदनला जे मोठ्याने ऐकायचे होते ते हेच होते, आणि तरीही हे नव्हते. आज धूम्रकेश जे तोंडात घालेल ते मातीचा माणूस बोलेल. उद्या दुसऱ्या कुणाची बहीण वडाखाली येईल, तेव्हाही तो तेच बोलेल, जे हा तोंडात घालेल.

तिने पुडी डोक्यावर धरली आणि पलीकडच्या काठाला लागली. चढावर ती रडत होती, आणि पाय मात्र थांबत नव्हते.

केसरगडाच्या दारात दगडाचे दोन सिंह होते. शस्त्र लपवून कुणी आले की गुरगुरत. आज ते गप्प होते. कालिंदीदेवी सदरेत बसल्या होत्या. पांढरे केस घट्ट बांधलेले, नजर कट्यारीसारखी. त्यांनी पुडी पाहिली, मग शाल्मलीच्या भुवया पाहिल्या. दोघा भावंडांच्या भुवया सारख्याच होत्या.

“तू त्या पहारेकऱ्याची—” त्या थांबल्या. “नाही. बोलू नकोस. मी विचारलेले नाही.”

शाल्मलीने पुडी पुढे केली. अक्षत लाल होती.

“ही टाकून द्यायला वाटेत नदी होती,” कालिंदीदेवी म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हातांनी पुडी घेतली. “चल. उशीर करून चालणार नाही.”

वडाखाली सगळे राज्य लोटले होते. दगड नंदनच्या हनुवटीला टेकला होता. बोलणे संपले होते. फक्त डोळे बहिणीला शोधत होते. तिघे राजापुढे उभे राहिले, एका करड्या दाण्याखेरीज तिन्ही अक्षता लाल होत्या. मातीच्या माणसाला जागा उरली नाही, तेव्हा धूम्रकेश राजाच्या कानाशी लागला. “कालिंदी निवडा, महाराज. तिने एकदा दोषी म्हटले आहे. पुन्हा म्हणेल.”

राजा सुकेतूला आपला मणी गेल्याचा फार राग होता. तो म्हणाला, “माझा चोर जिने ओळखला, तीच सातव्या आसनावर बसेल.”

मीच आणले हिला, शाल्मलीच्या मनात आले. डोक्यावर घेऊन आणले.

कालिंदीदेवी आसनावर बसल्या. लोकांनी श्वास रोखला, कारण बाकीचे अंग सावकाश, पण पाय तेवढे शाप लगेच धरी. बघता बघता त्यांच्या पायांच्या बोटांवर काळी कळा चढली. घोटे दगडाचे झाले. चोपदाराने आरोळी दिली: “पहिले गाऱ्हाणे! नंदन पहारेकरी, केसरगडच्या निकालावर दाद मागतो!”

दगड नंदनच्या खालच्या ओठाला लागला.

कालिंदीदेवींनी त्याच्याकडे पाहिले. मग राजाकडे.

“महाराज, आपण मला निवडले, मी ऋणी आहे. पण हा निकाल माझाच आहे. माझाच निकाल बरोबर की चूक, हे मी कशी सांगू? या गाऱ्हाण्यापुरती मी उठते.”

“उठते?” राजा ओरडला. “त्या आसनावरून आजवर कुणी उठलेले नाही!”

“कुणी उठून पाहिले होते?” कालिंदीदेवी म्हणाल्या, आणि आसनाच्या दोन्ही कडांवर हात टेकून त्यांनी जोर लावला.

घोट्यांचा दगड करकरला. त्यांच्या कपाळावर घाम आला. शाल्मलीला वाटले आता हाडे मोडतील, आणि ती काही न समजता धावली, जिची तिला इतकी भीती वाटत आली होती तिचा दंड तिने धरला आणि वर ओढला. कडाड असा आवाज झाला. कालिंदीदेवी उभ्या होत्या. त्यांच्या पायांवरून काळी माती गळून पडत होती, शेतातल्यासारखी ओलसर, भुसभुशीत.

शाप सुटला. वडामागच्या मूर्तींची माती झाली, आणि त्या मातीवर तिथल्या तिथे गवत उगवले. नंदनच्या पायाशी ठेवलेली कपरी विरघळली. त्याच्या हनुवटीवरून, छातीवरून, गुडघ्यांवरून दगड ओघळून गेला, आणि तो धापा टाकत जमिनीवर बसला.

“गेला दंड! जा घरी!” लोक ओरडले.

“जाणार नाही,” नंदन घोगऱ्या आवाजात म्हणाला. “माझा निकाल राहिला आहे.”

कालिंदीदेवींनी मान डोलावली. “तिघांना अक्षत पोचली आहे. उरलेल्या दोघांतून एकाने आजपुरते बसावे.”

“मला रडू येते, मग नीट दिसत नाही,” पद्मनाभ म्हणाले. “यशोधराबाईंनी बसावे.”

यशोधराबाई बसल्या. “आरसा आणा,” त्या म्हणाल्या.

साक्षी आरसा आला. त्यात खजिना दिसला, मणी उचलणारा हात दिसला, नंदनचा चेहरा दिसला. लोकांत कुजबुज झाली. शाल्मलीने डोळे मिटले.

“चेहरा सगळ्यांनी पाहिला,” यशोधराबाई म्हणाल्या. “आता खाली फरशीवर पाहा.”

शाल्मलीने डोळे उघडले. आरशातल्या फरशीवर चोराची सावली पडली होती. तिच्या डोक्यावर जटांचे तीन सुळके होते, कावळ्याच्या पायासारखे.

सहाही आसनांवरची माणसे पुढे झुकली. चार पुरले असते, पण सातही जण एका आवाजात म्हणाले, “नंदन निर्दोष.” ते इतक्या मोठ्याने म्हणाले, की वडावरची पाखरे दचकून उडाली.

धूम्रकेश पळाला, पण त्याची सावली त्याच्याबरोबर गेली नाही. ती वडाखालीच उभी राहिली आणि तिने सगळे सांगितले. मातीच्या माणसाच्या पोटात नागमणी सापडला; त्याच्याच बळावर तो चालत-बोलत होता. धूम्रकेशाला वेशीवर धरले, आणि सातांनी त्याला सावल्यांच्या वाळवंटात धाडले. तिथे रोज त्याला सावल्यांच्या रांगेत आपल्याच सावलीमागे उभे राहावे लागते.

कालिंदीदेवी नंदनसमोर आल्या. “मी चेहरा पाहिला. फरशी पाहिली नाही,” त्या म्हणाल्या. “यापुढे पाहीन.” मग त्या सातव्या आसनावर बसल्या आणि पुढचे गाऱ्हाणे पुकारायला सांगितले. दुपारी त्या उठून जेवायला गेल्या, आणि हे पाहायला मुले गर्दी करून उभी होती.

त्या संध्याकाळी शाल्मली आणि नंदन वडाखालून घरी निघाले. वर सातभाई पाखरांत, कालिंदीचे नाव आधी कुणी काढले, यावर कडाक्याचे भांडण जुंपले होते. नंदन मुद्दाम अनवाणी चालत होता, धूळ उडवत. वळणावर शाल्मलीने मागे पाहिले. दिवसाचे काम संपले होते, न्यायाधीश आपापल्या घरी गेले होते. सातही आसने रिकामी होती, आणि त्या राज्यात कुणालाही त्याची भीती वाटत नव्हती.